२८७ पायऱ्या आणि एक सुतार

दिवस पहिला

आमच्या बँकेत स्कॉटलंडमधल्या या शहराला सगळे एडिनबर्गच म्हणायचे, कारण स्पेलिंग तसं आहे. भाचीने फोनवरच ताकीद दिली होती, "मामा, गाडीतून उतरल्यावर तेवढं एडिनबर्ग म्हणू नकोस. एडिंबरा. आणि स्वेटर आण." जून महिना होता, २०१७ सालचा. स्वेटर कशाला, असं म्हणत मी बॅगेतून काढलेला स्वेटर हिने गुपचूप परत आत कोंबला होता. पुढचे चार दिवस त्यावरून मला ऐकावं लागलं.

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून साडेचार तासांचा प्रवास. शेवटच्या टप्प्यात उजव्या हाताला समुद्र सोबत येतो. रत्नागिरीच्या गाडीत समुद्र दिसेल दिसेल म्हणून माणूस खिडकीला चिकटून बसतो आणि बोगदेच बघत राहतो. इथे तो खिडकीत येऊन बसल्यासारखा दिसतो. मग दगडी घरांच्या मधून गाडी खाली खाली शिरते आणि एका दरीत थांबते. स्टेशनाचं नाव वेव्हर्ली.

हे एका कादंबरीचं नाव. वॉल्टर स्कॉटची पहिली कादंबरी, १८१४ साली आलेली, आणि तीही लेखकाचं नाव न घालता. कादंबरीवरून नाव पडलेलं असं रेल्वे स्टेशन जगात दुसरं नाही म्हणतात. मला तरी आठवत नाही. आपल्याकडे राजांची, संतांची, पुढाऱ्यांची नावं स्टेशनांना मिळाली. कादंबरीवर अजून कुणाची नजर गेलेली नाही.

स्टेशन खड्ड्यात आणि शहर वर. पायऱ्या चढून प्रिन्सेस स्ट्रीटवर आलो तर वाऱ्याने असं ढकललं की ही चक्क माझ्या दंडाला धरून उभी राहिली. कोपऱ्यावरच्या बाल्मोरल हॉटेलच्या मनोऱ्यात मोठं घड्याळ आहे. भाची म्हणाली, ते मुद्दाम तीन मिनिटं पुढे ठेवलेलं असतं, लोकांची गाडी चुकू नये म्हणून. आमच्या दादरच्या घरातलं घड्याळ गेली तीस वर्षं दहा मिनिटं पुढे आहे. तेव्हा या शहराशी आपलं जमणार, हे मला तिथेच कळलं.

आणि मग तो दिसला. रस्त्याच्या डाव्या बाजूला, बागेच्या कडेला, काळाकुट्ट, टोकदार, दोनशे फुटी. स्कॉटचं स्मारक.

"जळलं होतं का हो हे?" हिने विचारलं.

प्रश्न अगदी बरोबर होता. आग कधी लागली नाही, पण धुराने खाल्लंय खरं. हा बिनी नावाच्या खाणीतला वालुकाश्म, जवळच्याच भागातला. त्या दगडात तेलाचा अंश असतो, त्यामुळे काजळी त्यावर चिकटते आणि सुटत नाही. शहरात घरोघरी कोळसा जळत होता, शेजारी इंजिनं धूर ओकत होती. शहराचं लाडकं नावच मुळी 'जुनं धुरकट' अशा अर्थाचं. १९९० च्या दशकात धुऊन काढायचा विचार झाला, तपासणी झाली, आणि धुतलं तर दगडच दुखावेल म्हणून काळं तसंच ठेवायचं ठरलं. डागडुजीला मात्र त्याच खाणीतला ताजा दगड आणला, म्हणून मधेमधे फिक्या रंगाचे चिरे दिसतात, कोपरावर ठिगळ लावलेल्या काळ्या कोटासारखे.

चार्ल्स डिकन्सला हे अजिबात आवडलं नव्हतं. चर्चचा कळस कापून जमिनीत रोवल्यासारखं दिसतं, असं त्याने लिहून ठेवलंय. लांबून पाहिल्यावर मला त्याचं म्हणणं पटलं, हे कबूल करतो.

भाचीची खोली मार्चमाँट भागात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दगडी जिना, मधोमध झिजलेला. "उद्याची तालीम," ती म्हणाली. रात्री दहाला बाहेर लख्ख उजेड होता. हिने तीनदा घड्याळ पाहून शेवटी पडदे ओढले आणि पिठलं टाकलं.

दिवस दुसरा

सकाळी समुद्रावरून धुकं आलं होतं. इथे त्याला 'हार' म्हणतात. असं धुकं असताना वर चढण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून आधी खालीच रेंगाळलो.

चार बाजूंना चार भक्कम खांब, त्यांना जोडणाऱ्या कमानी, आणि त्या कमानींखाली पांढऱ्या संगमरवरात बसलेला स्कॉट. अंगावर शाल, मांडीवर पुस्तक, पायाशी कुत्रा. कुत्र्याचं नाव मैडा. शिल्पकार जॉन स्टील. इटलीहून आणलेल्या ३० टनांच्या एका ठोकळ्यातून त्याने हे काढलं. भोवती काळोखा दगड आणि आत हा पांढरा माणूस, असं ते दृश्य आहे. गाभाऱ्यात समई लावल्यावर मूर्ती दिसते तसं. जवळ गेल्यावर डिकन्स थोडा मागे पडला.

स्कॉट आम्हाला शाळेत आला तो संक्षिप्त आवृत्तीतून, एका सरदाराच्या गोष्टीतून. पूर्ण कादंबरी मी तीनदा सुरू केली आणि तीनदा चाळिसाव्या पानावर सोडली. पण तो मला वेगळ्या वाटेने आधीच भेटला होता. मराठीच्या सरांनी हरिभाऊ आपटे शिकवताना सांगितलं होतं की ऐतिहासिक कादंबरी कशी लिहायची याचा वस्तुपाठ हरिभाऊंनी स्कॉटकडून घेतला. इतिहासाची चौकट खरी ठेवायची आणि आत आपली माणसं हिंडवायची. 'गड आला पण सिंह गेला' आम्ही ज्या ओढीने वाचली, तिच्या मुळाशी हा काळ्या मनोऱ्याखालचा पांढरा माणूस होता, आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

स्मारकाच्या जवळच आणखी एक पुतळा आहे, डेव्हिड लिव्हिंग्स्टन या आफ्रिकेत हिंडलेल्या मिशनऱ्याचा. लोक त्याच्याकडे फारसं बघत नाहीत. मी मात्र थांबलो. १८७३ मध्ये तो आफ्रिकेत वारला, तेव्हा त्याचा देह शेकडो मैल चालत समुद्रापर्यंत आणणाऱ्यांत जेकब वेनराइट होता. हा गुलामगिरीतून सुटलेला आफ्रिकन मुलगा शिकला कुठे, तर नाशिकला, शरणपूरच्या मिशन शाळेत. त्या प्रवासाची रोजनिशीही त्याने ठेवली. नाशिकमध्ये माझी चुलत आत्या चाळीस वर्षं राहिली, शरणपूर रोडवर. तिला हे कुणी सांगितलं नाही, आणि मलाही उशिराच कळलं.

अकराच्या सुमारास धुकं विरलं. तिकीट काढलं. वर जाण्याचा मार्ग म्हणजे खांबाच्या पोटातला चक्री जिना. एकूण पायऱ्या २८७. मी एकेकाळी राजगडाचा बालेकिल्ला पाठीवर सॅक घेऊन चढलेला माणूस, त्यामुळे आकडा ऐकून हसलो. ही म्हणाली, "तेव्हा तुमचं पोट सॅकच्या बाजूला नव्हतं."

पहिला टप्पा सोपा. साठ-सत्तर पायऱ्यांनंतर एक खोली लागते, रंगीत काचांच्या खिडक्यांची. बाहेरून हा मनोरा नुसता हाडांचा सापळा वाटतो. त्याच्या पोटात बसायला खोली असेल अशी कल्पनाच येत नाही. तिथे भिंतीवर बांधकामाची हकीकत होती, आणि तिथे मला जॉर्ज मीकल केंप भेटला.

स्कॉट १८३२ मध्ये गेला. त्याचं स्मारक कसं असावं यासाठी १८३६ मध्ये स्पर्धा जाहीर झाली. नामवंत वास्तुविशारदांनी आराखडे पाठवले. एक आराखडा 'जॉन मॉर्व्हो' या नावाने आला होता. शेवटी १८३८ मध्ये काम त्यालाच मिळालं, आणि मग उघड झालं की हा मॉर्व्हो म्हणजे एक सुतार. धनगराचा मुलगा. वास्तुशास्त्राची पदवी नाही, कुणा वास्तुविशारदाच्या हाताखाली उमेदवारी नाही. सुतारकाम करत तो इंग्लंड-फ्रान्समधली जुनी चर्चं पायी हिंडला होता, त्यांची मापं घेत, चित्रं काढत. आपलं खरं नाव टाकलं तर कागद उघडूनही बघणार नाहीत, या भीतीने टोपणनाव घेतलं. ज्या लेखकाचं स्मारक, त्यानेही पहिली कादंबरी नाव लपवूनच छापली होती. अर्थात त्याची गोष्ट वेगळी. तो वकील होता, कोर्टात हुद्द्यावर होता, कादंबरी लिहिणं त्या वर्तुळात जरा हलकं समजलं जाई. त्याने प्रतिष्ठा सांभाळायला नाव लपवलं, याने प्रतिष्ठा नव्हती म्हणून.

पायाचा दगड १५ ऑगस्ट १८४० ला बसला. स्कॉटचा जन्मदिवस तोच, १७७१ सालचा. चार वर्षं बांधकाम चाललं, खर्च १६ हजार पौंडांहून थोडा जास्त, बराचसा वर्गणीतून. आणि काम संपत आलेलं असताना, ६ मार्च १८४४ च्या धुक्याच्या रात्री, केंप घरी जायला निघाला तो पोचलाच नाही. काही दिवसांनी त्याचा देह कालव्यात सापडला. वय ४८. त्याच उन्हाळ्यात मनोऱ्याचा शेवटचा दगड, म्हणजे कळस, त्याच्या लहान मुलाने बसवला.

हे वाचल्यावर उरलेल्या पायऱ्या मी स्कॉटसाठी चढलो नाही.

वरचा जिना हळूहळू आवळत जातो. दुसऱ्या सज्जानंतर खांदे दोन्ही भिंतींना घासायला लागतात. वरून उतरणारा आणि खालून चढणारा समोरासमोर आले की एकाला भिंतीतल्या फटीत स्वतःला सपाट करून घ्यावं लागतं. एक धिप्पाड जर्मन गृहस्थ माझ्यासमोर आले. आम्ही दोघांनी एकमेकांच्या पोटांकडे पाहिलं, आणि मी मुकाट्याने अकरा पायऱ्या उलटा उतरलो. उलटं उतरताना पायरीचा पाचरीसारखा निमुळता भाग पायाखाली येतो, बोटं टेकतात, टाच अधांतरी. राजगडावर निदान उघड्यावर भीती वाटते. इथे भीतीलाही जागा अपुरी पडते.

शेवटच्या वळणावर तर खांदा तिरका करूनच बाहेर पडावं लागलं. भाची आधीच वर पोचली होती. "मामा, श्वास सोड आणि ये," असं ती वरून सांगत होती. ही खालच्या सज्जातच थांबली होती. तिचं म्हणणं असं की दृश्य तिथूनही तेवढंच दिसतं आणि गुडघे दोनच आहेत.

वर चार-पाच माणसं जेमतेम उभी राहतील एवढी जागा. आणि वारा. टोपी काढून मी खिशात कोंबली. पश्चिमेला कड्यावरचा किल्ला, दक्षिणेला जुन्या शहराची दातेरी रांग, आग्नेयेला आर्थर्स सीट हा ढोपर वाकवून बसल्यासारखा डोंगर. पूर्वेला कॅल्टन टेकडीवर ग्रीक देवळाचे बारा खांब, नुसतेच. १८२६ मध्ये बांधायला घेतलं, पैसे संपले, तीन वर्षांनी काम बंद पडलं ते कायमचं. याला शहराची लाज म्हणतात, पण पाडत नाहीत. उत्तरेला फोर्थची खाडी आणि पलीकडे फाइफचा किनारा. खाली वेव्हर्लीची काचेची छपरं. जिथे आता बाग आणि रूळ आहेत तिथे पूर्वी तळं होतं, घाणीने भरलेलं. ते उपसून ही हिरवळ झाली.

मी दृश्य पाहिलं, पण माझी नजर जवळच खिळून राहत होती. हाताशी असलेल्या दगडी कळ्या, पानं, टोकं. खालून कुणालाच दिसणार नाहीत अशा ठिकाणीही पानाची शीर न शीर कोरलेली. मनोऱ्यावर स्कॉटच्या कादंबऱ्यांतल्या पात्रांचे साठाहून जास्त छोटे पुतळे आहेत. मला ओळखता आले फक्त दोन, आणि त्यातला एक चुकीचा, असं भाचीने मोबाइलवर बघून सांगितलं. मला मुंबईचा राजाबाई टॉवर आठवत होता. तो २८० फुटी, म्हणजे हा त्याच्यापेक्षा चांगला ऐंशी फुटांनी बुटका. त्याच्यावरही आपल्याकडच्या निरनिराळ्या जातिजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत. कॉलेजात असताना त्याच्या खालून हजार वेळा गेलो असेन, चढायला कधी मिळालं नाही. तो एका दलालाने आईच्या नावाने बांधवला. हा लोकांनी एका कादंबरीकारासाठी. आपल्याकडे लेखकाला चौक मिळतो, फार झालं तर अर्धपुतळा. तो चौकही रिक्षावाल्याला जुन्याच नावाने सांगावा लागतो.

एवढ्यात धडाम् असा आवाज झाला. मी कठड्याला मिठीच मारली. भाची हसून बेजार. रविवार सोडून रोज दुपारी एक वाजता किल्ल्यावरून तोफ उडवतात, बंदरातल्या जहाजांना वेळ कळावी म्हणून १८६१ पासून. हे तिला माहीत होतं, आणि तिने घड्याळ बघून मला वर आणलं होतं. खालच्या सज्जातून हिचा आवाज आला, "अहो, आहात ना?"

खाली उतरल्यावर मागितलं तर चढून गेल्याचं प्रमाणपत्र मिळत होतं. मी मागितलं. छत्तीस वर्षं बँकेत काढल्यावर कागदाशिवाय कुठलीही गोष्ट झाल्यासारखी वाटत नाही. हिने सुचवलं की तिलाही दोन-तृतीयांश प्रमाणपत्र मिळावं.

संध्याकाळी पाय दुखत असूनही नॉर्थ कॅसल स्ट्रीटवर गेलो, ३९ नंबरच्या घरासमोर. स्कॉट इथे वीसहून जास्त वर्षं राहिला. १८१४ च्या जूनमधली गोष्ट त्याच्या जावयाने लिहून ठेवली आहे. मागच्या बाजूच्या एका घरात काही तरुण जेवायला जमले होते. त्यांच्यातला एक जण अस्वस्थ झाला, कारण समोरच्या खिडकीत एक हात दिसत होता, फक्त हात, एकामागून एक पानं लिहून ढिगावर टाकणारा. दिवे लागले तरी थांबत नव्हता. कुणी म्हणालं, कुणाचा तरी कारकून असेल. यजमान म्हणाला, तो वॉल्टर स्कॉटचा हात आहे. वेव्हर्लीचे शेवटचे खंड त्या दिवसांत पुरे होत होते.

दिवस तिसरा

आज गाडीने दक्षिणेला, ट्वीडबँकपर्यंत. तासाभराचा प्रवास. ही लाइन १९६९ मध्ये बंद झाली आणि २०१५ च्या सप्टेंबरात, ४६ वर्षांनी, लोकांच्या रेट्यामुळे पुन्हा सुरू झाली. हिरव्या गोल टेकड्या, त्यावर शेंगदाण्याच्या कुटासारख्या पसरलेल्या मेंढ्या.

वाटेत स्टो नावाचं चिमुकलं स्टेशन लागलं. तिथून पूर्वेला टेकड्यांपलीकडे लॉडर गाव. मी विल्सन कॉलेजचा विद्यार्थी. चौपाटीसमोरच्या त्या दगडी इमारतीत चार वर्षं समुद्राकडे बघत बसलो. ज्यांच्या नावाचं ते कॉलेज, ते जॉन विल्सन या लॉडरचे. एडिंबरात शिकून मुंबईला आले आणि १८३२ मध्ये शाळा काढली, तिचंच पुढे कॉलेज झालं. त्याच वर्षी इकडे स्कॉट वारला. उतरून जावंसं फार वाटलं, पण भाचीचं वेळापत्रक रेल्वेपेक्षा कडक.

ट्वीडबँकहून अ‍ॅबट्सफर्ड वीसेक मिनिटांची चाल. इथे पूर्वी एक शेतवाडी होती, तिला लोक 'चिखलाचं भोक' अशा अर्थाच्या नावाने हाक मारायचे. स्कॉटने ती १८११ मध्ये घेतली आणि तिला ट्वीड नदी पायी पार करायच्या जागेवरून भारदस्त नाव दिलं, मग त्या नावाला शोभेल असं घर बांधत बसला. बुरूज, टोकं, चिलखतं, ढाली, रॉब रॉयची बंदूक, नेपोलियनच्या गाडीत सापडलेल्या चिजा. हिने एकच विचारलं, "या सगळ्याची धूळ कोण पुसत असेल?" मला घर जरा भपकेबाज वाटलं, खरं सांगायचं तर. इतिहास लिहिणं वेगळं आणि इतिहासाचं दुकान मांडून त्यात राहणं वेगळं.

पण अभ्यासिकेत गेलो आणि गप्प झालो. छोटी खोली, एक मेज, चामड्याची खुर्ची, भोवती पुस्तकं. १८२६ च्या जानेवारीत त्याचे छापखानदार आणि प्रकाशक बुडाले. स्कॉट भागीदार असल्याने त्याच्या डोक्यावर एक लाख वीस हजार पौंडांच्या आसपास कर्ज आलं. दिवाळं जाहीर करून तो मोकळा होऊ शकला असता. शहरातलं ते कॅसल स्ट्रीटचं घर विकावं लागलं. मित्रांनी मदत देऊ केली, ती त्याने नाकारली. माझा उजवा हातच हे फेडेल, असं म्हणाला. आणि मग सहा वर्षं लिहीत सुटला, पक्षाघाताचे झटके येत असतानाही. उरलेलं कर्ज त्याच्या मृत्यूनंतर हक्क विकून फिटलं. कर्जवसुलीत माझी निम्मी नोकरी गेली. असा कर्जदार मला एकही भेटला नाही.

आणखी एक गंमत बँकवाल्यांसाठी. त्याच १८२६ मध्ये लंडनच्या सरकारने स्कॉटिश बँकांच्या पाच पौंडांखालच्या नोटा बंद करायचं ठरवलं. स्वतः कर्जात बुडालेल्या या माणसाने टोपणनावाने (पुन्हा टोपणनाव!) वर्तमानपत्रात अशी काही झणझणीत पत्रं लिहिली की सरकारला माघार घ्यावी लागली. म्हणून बँक ऑफ स्कॉटलंडच्या नोटांवर आजही स्कॉट आहे. आदल्या दिवशी सुट्ट्या पैशांत मला त्याची नवी प्लॅस्टिकची पाच पौंडांची नोट मिळाली होती. ती मी पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवली, घरी माझ्या नोटांच्या वहीत लावायची म्हणून, आणि तसं हिला सांगूनही ठेवलं.

जेवणाच्या खोलीतून ट्वीड दिसते. २१ सप्टेंबर १८३२ ला तो इथेच गेला. खिडक्या उघड्या होत्या आणि नदीचा आवाज ऐकू येत होता. दाराबाहेर मैडाचं थडगं आहे, दगडी कुत्र्यासकट. हिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

तिथून नदीकाठाने मेलरोजला चालत गेलो, अर्धी वाट पावसात. स्वेटर उपयोगी पडला, एवढंच लिहितो.

मेलरोजचा मठ बाराव्या शतकातला. छप्पर गेलेलं, खिडक्यांच्या दगडी जाळ्या मात्र शाबूत. रॉबर्ट ब्रूस राजाचं हृदय इथे पुरलंय. छतावर बॅगपाइप वाजवणारं दगडी डुक्कर आहे, ते शोधण्यात आमची पंधरा मिनिटं गेली आणि ती वाया गेली असं मी म्हणणार नाही. पण मी आलो होतो भिंतीवरचा एक लेख पाहायला. मध्ययुगातल्या एका पाथरवटाने कोरून ठेवलंय : माझं नाव जॉन मोरो, जन्म पॅरिसचा. केंपने घेतलेलं टोपणनाव ते हेच. म्हणजे स्पर्धेच्या कागदावर त्याने कुठलंही खोटं नाव लिहिलं नव्हतं, आपल्या गुरूचं नाव लिहिलं होतं. चारशे वर्षांपूर्वीचा गुरू, ज्याचे खांब त्याने पट्टी लावून मोजले होते. स्मारकाच्या कमानी इथल्या कमानींच्या लेकी आहेत, हे कालची काळी टोकं डोळ्यांत असताना शेजारच्या पोरालाही दिसलं असतं.

परतताना गालाशील्स स्टेशन आलं. असं सांगतात की तरुण केंप हत्यारांची पिशवी खांद्यावर घेऊन गालाशील्सच्या वाटेने पायी चालला होता. मागून एक घोडागाडी आली, थांबली, आणि आतल्या गृहस्थाने त्याला वर घेतलं. उतरल्यावर त्याला कळलं की ते वॉल्टर स्कॉट होते. गाडीत दोघे काय बोलले कोण जाणे. बहुधा पावसाबद्दल, इथे सगळे त्याबद्दलच बोलतात.

दिवस चौथा

दुपारी परतीची गाडी. सकाळी भाचीला म्हटलं, मला कालवा बघायचाय. तिला वाटलं होड्या बघायच्या असतील.

युनियन कॅनॉल तिच्या खोलीपासून चालत जवळच. १८२२ मध्ये सुरू झाला, फॉल्कर्कपर्यंत ३१ मैल, डोंगराची एकच उंची धरून काढलेला, त्यामुळे होड्या वर-खाली चढवायची पाण्याची दारं वाटेत एकही नव्हती. शहराच्या टोकाला लॉक्रिन बेसिन आहे. तिथे लांबोडक्या रंगीत होड्या बांधलेल्या, एकीवर कुंड्या, एकीवर वाळत घातलेले मोजे. पुढे उचलून धरता येणारा एक लोखंडी पूल. काठाला कठडा नाही. पाणी शांत, काळपट, फार खोल वाटत नाही. स्वच्छ ऊन होतं, माणसं पळत होती, एक बाई कुत्र्याला ओरडत होती. केंप मॉर्निंगसाइडला राहायचा, या बाजूलाच. मार्चची रात्र, हार उतरलेला, गॅसचे दिवे असतील-नसतील. रोजची वाट असणार. मी काठाने शंभरेक पावलं चाललो. त्याच्या नावाची पाटी कुठे दिसते का बघितलं, मला तरी दिसली नाही.

"मामा, तू रडतोयस?" भाचीने विचारलं. वारा होता.

तिथून सेंट कथबर्टच्या दफनभूमीत. किल्ल्याच्या कड्याखाली, बागेच्या पश्चिम टोकाला. केंप इथे आहे. स्वतः बांधलेल्या मनोऱ्यापासून बागेतून चालत पंधरा मिनिटांवर. ही बागेतून आणलेली चार डेझीची फुलं हातात घेऊन आली होती, ती तिने ठेवली. विचारलं, "त्या मुलाचं पुढे काय झालं हो? कळस ठेवला तो?" मला सांगता आलं नाही. स्मारकाचं रीतसर उद्घाटन झालं १५ ऑगस्ट १८४६ ला. गर्दीत तो कुठे उभा होता, बाबांचं नाव कुणी घेतलं का, हे सगळं तिने विचारलं आणि मी नुसता मान हलवत राहिलो.

उरलेल्या तासात लेखकांचं संग्रहालय उरकलं. बर्न्स, स्कॉट आणि स्टीव्हन्सन तिघांचं मिळून, जुन्या शहरातल्या एका बोळात १६२२ सालच्या घरात. लक्षात राहिला तो तिथला जिना. चोर अडखळून पडावा म्हणून मुद्दाम एक पायरी कमी-जास्त उंचीची केलेली. तसं मला आधी सांगितलं होतं, तरी अडखळलो.

वेव्हर्लीला पोचलो तेव्हा बाल्मोरलचं घड्याळ गाडीची वेळ दाखवत होतं. ही पायऱ्यांवरून धावत सुटली. "तीन मिनिटं पुढे आहे!" मी मागून ओरडत होतो, पण बॅगेची चाकं मोठ्याने वाजत होती. फलाटावर पोचलो तर गाडी उभी होती, तीही उशिराने सुटणार होती. भाचीने मामीला मिठी मारली, मला वाकून नमस्कार केला, आणि म्हणाली, "पुढच्या वेळी अख्खी कादंबरी वाचून ये."

मी सामान वर चढवत होतो तेवढ्यात ही चहा घेऊन आली, कागदी पेल्यांत, बिस्किटांसकट. माझं पाकीट तिच्या हातात होतं. वेगळा कप्पा उघडा होता आणि रिकामा.

"सुटे नव्हते," ती म्हणाली, "म्हणून ती नवी नोट दिली. का? चालत नव्हती का?"

गाडी हलली. खिडकीतून एक क्षणभर ते काळं टोक दिसलं आणि छपराआड गेलं. मी चहाचा घोट घेतला. चहा आला, पण स्कॉट गेला.